सर्व्हर उघडायला कुठे शिकाल?

सर्व्हर दुरुस्ती शिकवणाऱ्या वर्गात प्रवेश घेण्याआधी एक विचारून घ्या: एका सर्व्हरभोवती किती जण उभे राहणार? फी, कालावधी, प्रमाणपत्र हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं, हे मात्र नसतं. दोघं-तिघं असतील तर ठीक. दहा जण असले की पुढचे दोघं झाकण उघडतात आणि बाकीचे त्यांच्या खांद्यावरून बघतात. नुसतं बघायचंच असेल तर व्हिडिओत जास्त जवळून दिसतं.

दुसरा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. तिथे यंत्रं मुद्दाम बिघडवून ठेवतात का? मेमरी काढणं, परत बसवणं, डिस्क सरकवणं, पंखा बदलणं हे एका दुपारी जमतं. आजच्या सर्व्हरमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींना पेचकसही लागत नाही. पगार मिळतो तो नेमकं काय बदलायचं हे ठरवण्याचा, आणि ते शिकायला धडधाकट सर्व्हर काही कामाचा नाही.

मेमरीचंच घ्या. सर्व्हरमधली ईसीसी मेमरी एका बिटची चूक आपली आपण दुरुस्त करते आणि लॉगमध्ये तशी नोंद होते. एके दिवशी एकाच स्लॉटच्या नोंदी भराभर वाढायला लागतात. नवशिका थेट ती मेमरी बदलतो, आणि बऱ्याचदा त्याचं भागतंही. जाणता माणूस आधी तीच मेमरी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघतो. चूक तिच्याबरोबर गेली तर मेमरी खराब. चूक जागेवरच राहिली तर दोष स्लॉटचा, नाहीतर प्रोसेसरच्या सॉकेटचा. प्रोसेसर बसवायच्या एलजीए प्रकारात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. एलजीए ४६७७ म्हणजे ४६७७ पिना. त्यातली एखादी वाकली तर कधी कधी एक मेमरी चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीमधली एक वाट, गायब होतो आणि बाकीचा सर्व्हर मजेत चालू राहतो. हे मी सांगितलं, तुम्हाला कळलं. पण ती वाकलेली पिन टॉर्च तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही, आणि तो तिरपेपणा भाषणातून शिकवता येत नाही.

खरी कसोटी रेडची, म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र जोडून डेटा जपायच्या पद्धतीची. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, रेड ६ मध्ये दोन गेल्या तरी. हे मुलाखतीला येणारा प्रत्येक जण घडाघडा म्हणतो. आता प्रत्यक्ष बघा. रेड ५ मधली एक डिस्क मेलेली आहे, सर्व्हर चालू आहे, त्यावर लोक काम करताहेत. फोनवर कुणीतरी सांगतं, ‘तिसरी डिस्क काढ.’ बऱ्याच सर्व्हरमध्ये स्लॉटची मोजणी शून्यापासून सुरू होते, मग तिसरी म्हणजे कुठली? चुकीची ओढलीत तर अख्खा ॲरे, म्हणजे डिस्कचा सगळा संच, बसला. म्हणून रेड सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर डिस्कचा सीरियल नंबर बघायचा, तिथूनच त्या स्लॉटचा दिवा लुकलुकवायचा, समोर जाऊन खात्री करायची आणि मगच खटक्याला हात घालायचा. नवी डिस्क बसली की रिबिल्ड, म्हणजे गेलेला डेटा तिच्यावर परत उभा करणं, सुरू होतं. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात, तोवर दुसरी डिस्क गेली तर संपलंच. ही चुकीची डिस्क एकदा तरी प्रशिक्षणात ओढून बघा, तिथे कुणाचा डेटा जात नाही. जो शिक्षक तसं करू देत नाही, त्याला आपली यंत्रं तुमच्या शिक्षणापेक्षा प्यारी आहेत, असं मी समजतो.

आता जरा अवघड बिघाड. तक्रार एवढीच की कालपासून सर्व्हर रेंगाळतोय. सगळे दिवे हिरवे, डिस्क ठणठणीत, प्रोसेसर जवळजवळ मोकळा. डेटाबेसवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले डेटाबेसवाल्यांकडे. कारण निघतं रेड कंट्रोलरची बॅटरी. लिहायचा डेटा आधी कॅशमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या तात्पुरत्या मेमरीत, घेऊन मग सवडीने डिस्कवर उतरवणं, म्हणजे राइट-बॅक, हे त्या बॅटरीच्या भरवशावर चाललेलं असतं. बॅटरी कमजोर झाली की कंट्रोलर सावध होऊन राइट-थ्रूवर जातो, प्रत्येक गोष्ट डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो, आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. डेटा जाऊ नये म्हणूनच तो तसं वागतो. असा एकही बिघाड अभ्यासक्रमात नसेल तर त्याला सुटे भाग जोडण्याचा वर्ग म्हणावं.

विजेचंही तसंच. दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि दोन्हींच्या वायरी एकाच पीडीयूत, म्हणजे वीज वाटणाऱ्या एकाच पट्टीत, खोचलेल्या असतात. किंवा वेगळ्या पीडीयूत असतात, पण दोन्ही पीडीयूंवर क्षमतेच्या ६० टक्के भार असतो. एक बंद पडला की दुसऱ्यावर १२० टक्के येतो आणि तोही जातो. रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर रचायच्या मांडणीत, जड यंत्रं खाली लावायची, उंचीचं माप एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा, या गोष्टी कुठेही शिकवतात, त्यावर वेळ घालवत नाही.

व्यवस्थापन कंट्रोलर, म्हणजे बीएमसी, मात्र नीट शिकून घ्या. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ, लेनोवोचा एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, नावं वेगळी, काम एकच. सर्व्हर बंद असला तरी वीज आहे तोवर हा जागा असतो. लांबून सर्व्हर चालू करणं, पडदा बघणं, घटनांचा लॉग वाचणं, फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या भागांतलं सॉफ्टवेअर, चढवणं याच्यातूनच होतं. रेडफिश हे त्यासाठीचं मानक २०१५ साली आलं, तेव्हापासून हीच कामं स्क्रिप्ट लिहून शंभर सर्व्हरवर एकदम करायची सोय झाली. हार्डवेअर आणि थोडं पायथन, अशी जोडी ज्याच्याकडे आहे त्याची वाट मला सर्वात मोकळी दिसते.

प्रमाणपत्राबद्दल विचारणार, माहीत आहे मला. कॉम्पटियाचं सर्व्हर प्लस कुठल्याही एका कंपनीला बांधलेलं नाही, सुरुवातीला ते बरं. अर्ज चाळणाऱ्यांच्या पहिल्या जाळीतून पुढे जायला त्याचा उपयोग होतो. एखाद्या कंपनीचं खास प्रशिक्षण घ्यायचं तर आधी बघा, तुम्हाला जिथे काम करायचंय तिथे कुणाची यंत्रं आहेत. दुरुस्तीचे काही अभ्यासक्रम अधिकृत भागीदारांच्या कर्मचाऱ्यांपुरतेच असतात, त्यामुळे नोकरीत असाल तर स्वतःचा खिसा हलका करण्याआधी साहेबांना विचारा.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. तुम्ही कोड लिहिता आणि तेच आवडतं, तर हा वेळ तिकडेच द्या. डेस्कटॉप सपोर्टमध्ये अडकलेल्यांना, सिस्टिम ॲडमिन व्हायचंय त्यांना, डेटा सेंटरमध्ये शिरायचंय त्यांना हे उपयोगी आहे. सगळं क्लाउडवर गेलं, आता कशाला, असं कुणी म्हणालं तर ते क्लाउड कुठल्या रॅकमध्ये आहे आणि तिथली डिस्क कोण बदलतं, एवढंच विचारा. एआयने तर काम वाढवलंच आहे. एनव्हिडियाच्या डीजीएक्स एच१०० या एका यंत्रात एआयची आकडेमोड करणाऱ्या आठ चिप, म्हणजे जीपीयू, असतात आणि ते १०.२ किलोवॅटपर्यंत वीज खातं. अशा यंत्रांच्या पुढच्या पिढ्यांत पाण्याच्या नळ्या थेट चिपपर्यंत पोचल्या आहेत. वर्गात जुने दोन प्रोसेसरवाले सर्व्हर दिसले म्हणून मात्र नाक मुरडू नका, बिघाड शोधायची पद्धत त्यावरही तीच.

घरी सरावासाठी वापरातून काढलेला सर्व्हर घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. फक्त रॅकमधला एक यू उंचीचा नको. त्याचे छोटे पंखे इतके किंचाळतात की घरचे दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्याच्यासकट बाहेर काढतील. टॉवर प्रकारातला बघा, रेड कंट्रोलर आणि बीएमसी असलेला. लहान क्षमतेच्या चार डिस्क टाका, म्हणजे रिबिल्ड लवकर उरकतं. मग मित्राला सांगा, मी नसताना यात काहीतरी बिघडवून ठेव आणि काय केलंस ते कागदावर लिहून खिशात ठेव.