फुंकर कुणाची, शिल्प कुणाचं?

(कराड येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेचा डेल चिहुली हा आज बहुधा जगातला सर्वांत प्रसिद्ध काचशिल्पकार. आणि १९७९ नंतर काच फुंकण्याचं मुख्य काम त्यानं स्वतः केलेलं नाही. ते इतर लोक करतात. शिल्पं मात्र त्याच्या नावानं उभी राहतात. हे ऐकून पुढच्या रांगेत दोन-तीन कपाळांवर आठी आलेली मला दिसते आहे. ती यायलाच हवी. आज बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

आधी काचेचं बघू. वाळू, सोडा, चुना यांचं मिश्रण भट्टीत वितळतं, आणि अकराशे अंशांच्या आसपास ते कामाला योग्य होतं. तेव्हा ती काच पाण्यासारखी पातळ नसते. आपल्या गुऱ्हाळातल्या दाट काकवीसारखी ओघळत असते. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर तिचा गोळा घ्यायचा आणि नळी सतत फिरवत राहायची. हात थांबला की गोळा एका बाजूला लोंबलाच. मधूनमधून फुंकायचं, निवू लागला की पुन्हा आगीच्या तोंडाशी न्यायचा. घडवायला मिनिटं मिळतात. घडून झाल्यावर मात्र घाई चालत नाही. वस्तू पाचशेच्या आसपास तापलेल्या पेटीत ठेवून हळूहळू निववावी लागते, नाहीतर बाहेरचा थर आधी आवळतो, आत ताण राहतो आणि ती कधीतरी तडकते. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ मध्ये दोनशे इंची काचेची तबकडी ओतली, ती निववायला दहा महिने लागले होते.

मोठा गोळा जड असतो आणि तापही भयंकर. एक जण नळी फिरवतो, दुसरा फुंकतो, तिसरा लाकडी फळी धरून त्याचा हात भाजण्यापासून वाचवतो. एकट्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. तरीही अमेरिकेत १९६२ मध्ये हार्वे लिटलटन यांनी टोलेडोच्या संग्रहालयात छोटी भट्टी लावून नेमकं उलटं मांडलं : कारखाना नको, कलाकारानं स्वतःच्या भट्टीपुढे स्वतः उभं राहावं. त्या काळात हा विचार मोलाचा होता. चिहुली लिटलटनचाच विद्यार्थी. पण १९६८ मध्ये शिष्यवृत्तीवर तो व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर, वेनिनीच्या कारखान्यात गेला आणि तिथं त्यानं उस्ताद आणि त्याची माणसं एकमेकांकडे न बघता काम करताना पाहिली. गुरूची ती एकट्या कलाकाराची कल्पना त्यानं तिथंच सोडून दिली, असं मला वाटतं. १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला जंगलात त्यानं पिलचक ही शाळा सुरू केली, तीही सगळ्यांनी मिळून काम करण्याच्या रीतीवर.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या ओगलेवाडीत, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ च्या सुमारास उभा राहिला. तिथल्या प्रभाकर कंदिलाच्या काचेवर फुंकणाऱ्याचं नाव कधी नव्हतं. कुणी ते मागितलंही नाही, कारण कंदिलाला आपण शिल्प म्हणत नव्हतो. नावाचा प्रश्न वस्तू चौथऱ्यावर चढली की सुरू होतो.

१९७६ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात चिहुलीच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज कठीण, आणि समोर तापलेली काच. तरी तो फुंकत राहिला. १९७९ मध्ये समुद्रात लाटांवर खेळताना खांदा निखळला, तेव्हा नळी त्यानं दुसऱ्याच्या हाती दिली. मग तो चित्रं काढू लागला : जमिनीवर कागद टाकून, भराभर रंग ओतून. त्यात मापं नसतात. कामाचा जोर आणि रंग असतो, आणि भट्टीवरची माणसं त्यातून काय ते उचलतात.

माझ्या मते त्याची खरी कल्पना मात्र अपघातांच्या मधली, १९७७ ची. सिएटलजवळच्या टकोमा शहरातल्या एका संग्रहालयात त्यानं मूळ अमेरिकन जमातींच्या जुन्या टोपल्या पाहिल्या, स्वतःच्या भारानं कललेल्या, दबलेल्या. तोवर काचवाल्याचं सगळं कसब भांडं गोल आणि सरळ ठेवण्यात होतं. यानं ते खाली झुकू दिलं. अवजारं कमी केली. उष्णता, गुरुत्वाकर्षण आणि फिरण्याचा जोर यांवर आकार सोपवला. एकात एक ठेवलेली ती पातळ, वाकडी भांडी म्हणजे त्याचं सर्वोत्तम काम, असं मी म्हणेन. पुढचा पसारा प्रचंड. १९९६ मध्ये व्हेनिसच्या कालव्यांवर झुंबरं टांगली, त्यांची काच फिनलंड, आयर्लंड, मेक्सिकोच्या कारखान्यांत फुंकलेली. १९९८ मध्ये लास व्हेगासच्या एका हॉटेलच्या छताला दोन हजारांच्या आसपास काचफुलं लागली. फोटोंवरून सांगतो, ते छत मला रुचलं नाही. इतकी फुलं एकत्र आली की एकही दिसत नाही.

आणि मग २००५ मध्ये त्यानं शैलीच्या नकलेबद्दल दोन काचकारांवर दावा लावला. त्यातला एक वर्षानुवर्षं त्याच्याच चमूत राबलेला. दावा पुढं तडजोडीत मिटला, पण प्रश्न मिटला नाही. काच झुकू द्यायची, ही कल्पना चिहुलीची, हे मी मान्य करतो. ती कुठं थांबवायची हे ज्या मनगटाला कळलं, ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं होतं. थांबवणं हे निम्मं शिल्प आहे आणि पाटीवर ते निम्मं नाव येत नाही.

दुसरी वाट नव्हतीच असं नाही. चेक प्रदेशात स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा हे जोडपं ओतीव काचेत काम करायचं. चित्रकार तो, त्याची रेखाटनं मातीत उतरवणारी शिल्पकार ती. १९५० च्या दशकापासून २००२ मध्ये तो जाईपर्यंत त्यांनी एकत्र काम केलं, आणि त्या शिल्पांखाली दोघांची नावं असतात.