ब्लिनी: उपवासाआधीचे लोणी

काळ्या, जड बिडाच्या तव्यावरून काट्याला टोचलेला अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला जात आहे. घावन आणि आंबोळ्या करणाऱ्या घरांना ही कृती वेगळी सांगावी लागणार नाही. मग पळीभर पातळ पीठ पडते, तवा मनगटावर कलता फिरतो आणि क्षणात कडेला जाळी धरते. हा रशियाचा ब्लिन. अनेक झाले की ब्लिनी. पहिला बहुधा फाटतो. ‘पहिला ब्लिन म्हणजे गोळा’ ही तिथली म्हण स्वयंपाकघराबाहेरही, कोणत्याही फसलेल्या पहिल्या प्रयत्नासाठी वापरतात.

जुन्या पद्धतीत कुट्टूचे, म्हणजे बकव्हीटचे, पीठ यीस्ट घालून आंबवत असत, त्यामुळे ब्लिन जाडसर, जाळीदार आणि किंचित आंबूस होई. आज घरोघरी बहुतेक वेळा मैदा, दूध आणि अंडी यांचे पातळ ब्लिनीच होतात. पाश्चात्त्य मेजवान्यांत याच नावाने फिरणाऱ्या घासभर चकत्या मात्र रशियन माणसाला आपल्या वाटत नाहीत; खरा ब्लिन तव्याएवढा असतो.

तव्यावरून उतरलेल्या प्रत्येक ब्लिनवर लोणी फिरवून त्यांची चळत रचली जाते आणि ती गरम असतानाच मधोमध ठेवतात. ज्याने त्याने वरचा ब्लिन उचलावा, त्यावर स्मेताना, म्हणजे आंबवलेली घट्ट साय, घालावी, किंवा मध, मुरंबा, गोड त्वोरोग, म्हणजे पनीरसारखे ताजे मऊ चीज. सणाला सामन माशाची केशरी गाभोळी येते. तिचे टपोरे दाणे गरम लोण्यावर पडतात आणि दाताखाली खारट फुटतात. सारण भरून कोणी विड्यासारखी घडी घालतात, कोणी नुसती चौपदरी करून स्मेतानात बुडवतात. सोबत दुधाविना काळा चहा असतो.

या पदार्थाचा खरा हंगाम म्हणजे मास्लेनित्सा, ईस्टरपूर्वीच्या सुमारे ७ आठवड्यांच्या उपवासाआधीचा आठवडा. २०२५ मध्ये तो २४ फेब्रुवारी ते २ मार्च असा आला होता. ऑर्थोडॉक्स चर्चच्या नियमाने या आठवड्यात मांस आधीच वर्ज्य झालेले असते. पण दूध, लोणी, अंडी आणि मासे चालतात, आणि घरातले हे सगळे ब्लिनींत संपते. गोल ब्लिन म्हणजे सूर्य, असे हौसेने सांगितले जाते; पण हाच ब्लिन मृताच्या स्मरणभोजनातही वाढतात, हे लक्षात घेतले की ते स्पष्टीकरण अपुरे वाटते.

आठवड्याच्या प्रत्येक वाराला नाव आहे. बुधवारी सासू जावयाला ब्लिनी खायला बोलावते, शुक्रवारी जावई सासूला. जावयाचे कोडकौतुक अधिक महिन्यात करणाऱ्यांना बुधवार लगेच कळेल. शुक्रवारची परतफेड मात्र आपल्याकडे नाही.

रविवारी गवताची बाहुली जाळतात आणि आप्तस्वकीय एकमेकांना ‘क्षमा करा’ म्हणतात. उत्तर ठरलेले असते: ‘देव क्षमा करील.’ संध्याकाळी उरलेली चळत संपवली जाते, कारण सोमवारपासून, उपवास पाळणाऱ्या घरात, लोणी बंद.