दिवा चालू राहू दे

भायखळा स्टेशनवरून चालत निघालं की थोड्या वेळात जेलची ती उंच भिंत लागते. बाहेर बस, टॅक्सी, भाजीवाले, सगळं चालू असतं आणि आत मात्र अंधार पडायच्या आधीच गिनती होऊन बराकीला कुलूप लागलेलं असतं.

जून 2017. मंजुळा शेट्ये इथे शिक्षा भोगत होती, वागणूक चांगली म्हणून तिला वॉर्डर केलेलं, म्हणजे बाकीच्या कैद्यांवर देखरेख ठेवणारी कैदी. सकाळच्या वाटपात 2 अंडी आणि 5 पाव कमी भरले, त्यावरून जेलच्या स्टाफने तिला बेदम मारलं असा आरोप आहे, आणि 23 तारखेला ती गेली. 2 अंडी, 5 पाव! दुसऱ्या दिवशी आतल्या बायका भडकल्या, छतावर चढल्या. पुढे स्टाफमधल्या 6 जणांना अटक झाली, पण दंगल केली म्हणून 200 हून जास्त कैदी बायकांवरही गुन्हा दाखल झाला.

मला त्या बायकांबद्दल बोलायचंय. ज्यांनी तिचं ओरडणं ऐकलं त्यांच्याबद्दल. तुमच्या-माझ्या घरात कुणी असं काही पाहिलं तर आपण म्हणतो चार दिवस मावशीकडे जाऊन ये, जरा बरं वाटेल. ह्यांनी कुठे जायचं? रात्री तीच बराक, तीच फरशी, आणि सकाळी कुलूप उघडायला परत तोच युनिफॉर्म.

बरं, देशातल्या जेलांमध्ये 2022 साली दर 4 पैकी 3 जण कच्चे कैदी होते, म्हणजे केसचा निकालच लागलेला नाही. जामीन झाला तरी जामीनदार कोण राहणार? पुरुष आत गेला तर बायको मुलाकातीला लाइनीत उभी असते, बाई आत गेली की बऱ्याचदा माहेरचेही येत नाहीत. पोर सोबत असलं तर ते 6 वर्षांचं होईपर्यंतच, मग त्यालाही बाहेर पाठवतात, आणि त्या रात्री त्या आईचं काय होत असेल ह्याची कुठल्याच रजिस्टरात नोंद नसते.

मग कधीतरी सुटका होते. घरचे म्हणतात, झालं ना आता, विसर. पण चाव्या खुळखुळल्या की छातीत धस्स होतं, बाथरूमला जातानाही विचारावंसं वाटतं. बराकीत रात्रभर लाइट चालू असते, वर्षानुवर्षं तशीच झोपायची सवय, त्यामुळे अंधारात डोळाच लागत नाही. ती उठून दिवा लावते. घरातलं कुणीतरी उठून तो बंद करतं.