स्लिप नसलेला पगार

सकाळचे साडेसात वाजलेत, ठाणे स्टेशनला ट्रान्स हार्बरची गाडी लागलीय, आणि बसायला जागा मिळाली की लोकांचं बोलणं बघा फिरून फिरून घरावरच येतं, कोणाचं पझेशन लटकलंय, कोणाचा मालक भाडं वाढवतोय, कोणाचा सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, घरांच्या लॉटरीत याही वेळेला नंबर लागला नाही. एकाच डब्यात, जवळजवळ सारखीच कमाई असलेली माणसं. तरी एकाचं घर होतं आणि दुसऱ्याचं होत नाही.

आपल्याला वाटतं हप्ता झेपला की घर झालं. हिशोब मांडून बघू. समजा काम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये ६० लाखांचा वन बीएचके आहे. बँक यात जास्तीत जास्त ८० टक्के देणार, म्हणजे ४८ लाख, वरचे १२ लाख आपले. मग स्टॅम्प ड्युटी ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख. झाले साडेएकोणीस लाख! हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी साधारण ४१,६५० बसतो आणि पहिल्या हप्त्यातले ३४ हजार नुसतं व्याज.

हप्ता नवरा-बायको मिळून कसाबसा ओढतात हो, पण ते साडेएकोणीस लाख? आमच्याकडे आईच्या पाटल्या गेल्या, गावची दहा गुंठे विकली, मामाने बिनव्याजी पैसे दिले तेव्हा कुठे घर झालं. ज्यांच्या घराण्यात जमीन कधी नावावर आलीच नाही त्यांनी काय विकायचं? पगार आमच्याएवढाच असला तरी ते भाड्याने राहतात, दर ११ महिन्यांनी नवं ॲग्रीमेंट, परत ब्रोकरेज, आणि मालक नाही म्हणाला की पोरांची शाळासुद्धा बदलायची.

आता नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात चला. इथे माथाडी कामगारांची घरं आहेत, सातारा, सांगलीकडून येऊन पाठीवर पोती वाहिलेली माणसं ही. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मजुरी सरकारने नेमलेल्या माथाडी बोर्डात जमा व्हायला लागली, पीएफ आला, म्हणजे हमालाच्या कमाईला पहिल्यांदा कागद मिळाला, आणि मागे युनियन उभी होती. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. कारण आज त्याच गल्लीतून बाईकवर पार्सल घेऊन जाणारा पोरगा महिन्याला बरे पैसे कमावतो, पण सॅलरी स्लिप नाही, पीएफ नाही, बोर्ड नाही, मग बँकेच्या लेखी त्याची कमाई जवळपास नसल्यासारखीच.

कागदाचं हे दुखणं इथल्या मूळ गावांनाही सुटलेलं नाही. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण मुलं मोठी झाली, घर पुरेना, म्हणून लोकांनी परवानगीविनाच बांधलं, त्याला गरजेपोटीची घरं म्हणतात. राहतात पिढ्यान्पिढ्या, पण अशा घरावर कर्ज मिळणं महाकठीण. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातली ६९.२ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात असल्याचं आलंय, पण जनगणनेवाला कागद बघत नाही, आपण सांगू ते लिहितो.

बाईच्या नावाचं पण बोलायलाच पाहिजे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर आपल्याकडे स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी, म्हणजे ६० लाखांवर ६० हजार वाचले. पण कर्ज नवऱ्याच्या पगारावर निघतं, मग नावही त्याचं लागतं आणि सवलत जाते. पाटल्या मात्र तिच्याच मोडलेल्या असतात.

दिघ्याचा एक रिक्षावाला भेटला, वीस वर्षं ठाण्यात रिक्षा चालवतोय, भाडं एकदाही चुकवलेलं नाही, पण भाडं वेळेवर भरल्याचा बँकेत काही उपयोग होत नाही हे त्याला तिथे गेल्यावरच कळलं. मग मुलीने, ती कॉमर्सला आहे, तिने बसून त्याचा पहिला इन्कम टॅक्स रिटर्न भरला. तो प्रिंटआऊट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो परत बँकेत गेला. तिथे सांगितलं, अजून दोन वर्षांचे आणा.