टाक्याच्या तोंडावरचा हेड्रियन

आज फक्त एका दगडाबद्दल बोलणार आहे, तोही अर्धाच दगड. २०१४ साली जेरुसलेममध्ये, दमास्कस गेटच्या उत्तरेला उत्खनन चालू होतं. तिथे जमिनीखाली पाण्याचं एक खोल टाकं सापडलं, आपल्या किल्ल्यांवर असतात ना तसंच, आणि त्या टाक्याच्या तोंडाशी बसवलेल्या दगडांत ही मोठी चुनखडीची लादी होती, तिच्यावर लॅटिन अक्षरं, रोमन सम्राट हेड्रियनसाठी कोरलेला लेख. एका बाजूने ती अर्धगोल कापलेली, कारण बायझंटाइन काळात कोणालातरी टाक्याच्या तोंडावर नीट बसेल असा दगड हवा होता. आपल्याकडे वीरगळ विहिरीच्या पायरीला लावलेले बघितलेत ना, तोच प्रकार.

आता खरी गंमत. या लेखाचा दुसरा तुकडा एकोणिसाव्या शतकातच मिळाला होता, क्लेर्मों-गानो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने तो प्रसिद्धही केला होता. तो जेरुसलेममधल्याच फ्रान्सिस्कन म्युझियमच्या अंगणात उभा आहे. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं एक तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि दुसरा त्याच शहरात जमिनीखाली. दोन्ही शेजारी धरून वाचले आणि वाक्य लागलं.

वाक्य साधारण असं आहे: इंपेरेटर सीझर ट्राजानुस हाड्रियानुस ऑगस्टुस यांना, देव झालेल्या ट्राजान पार्थिकुसचा मुलगा, देव झालेल्या नर्व्हाचा नातू, मुख्य पुरोहित, ट्रिब्युनचे अधिकार १४व्यांदा, कॉन्सल ३ वेळा, पितृभूमीचा पिता. आणि शेवटी देणाऱ्याचं नाव, दहावी लीजन फ्रेटेन्सिस, लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी पलटण. हाड्रियानुस म्हणजेच आपला हेड्रियन, ट्राजान आणि नर्व्हा हे त्याच्या आधीचे सम्राट, आणि देव झालेला म्हणजे मेल्यावर देव ठरवलेला. हा मुलगा नि नातू शब्द वाचून फसू नका. नर्व्हाने ट्राजानला दत्तक घेतलं, आणि ट्राजानने हेड्रियनला, तेही मरताना घेतलं की मेल्यावर जाहीर केलं यावर तेव्हाही कुजबुज होती. पण दगडावर एकदा कोरलं की वंशावळ पक्की.

मला यात सगळ्यात जास्त आवडतो तो १४चा आकडा. बघा, ३ वेळा कॉन्सल (रोममधलं वर्षापुरतं सर्वोच्च पद) याचा तारखेला काही उपयोग नाही, कारण हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला ११९ साली आणि नंतर परत कधी झालाच नाही, म्हणजे ११९ पासून तो वारला त्या १३८ पर्यंत कुठलंही वर्ष चालेल. पितृभूमीचा पिता ही पदवी त्याने १२८ मध्ये घेतली, म्हणजे थोडं जवळ आलो. पण ट्रिब्युनचे अधिकार दरवर्षी नव्याने मोजायचे. ट्रिब्युन म्हणजे मुळात सामान्य प्रजेचा कैवारी असलेला अधिकारी, सम्राटांनी ते पद घेतलं नाही, फक्त अधिकार घेतले. हेड्रियनचा पहिला आकडा ११७च्या ऑगस्टमध्ये, दुसरा त्याच वर्षी १० डिसेंबरला, पुढे दर १० डिसेंबरला एक वाढवायचा, म्हणजे १४वा पडतो १० डिसेंबर १२९ ते ९ डिसेंबर १३० मध्ये. इतकी अचूक तारीख, आणि ती एका आकड्यामुळे!

आणि तारीख का महत्त्वाची? कारण १३० साली हेड्रियन पूर्वेच्या दौऱ्यावर होता, ज्यूडियात, म्हणजे जेरुसलेमच्या आसपासच्या ज्यूंच्या प्रांतात, आला होता. दहावी लीजन इ.स. ७० पासून, रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं तेव्हापासून, त्याच अवशेषांत तळ ठोकून होती. मग १३२ मध्ये ज्यू नेता बार कोखबाचं रोमविरुद्ध बंड पेटलं, सुमारे साडेतीन वर्षं प्रचंड रक्तपात झाला. आता वाद असा की जेरुसलेमच्या जागी एलिया कॅपिटोलिना ही रोमन वसाहत वसवायचं ठरलं म्हणून बंड झालं, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो, तर ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस म्हणतो वसाहत ही बंडानंतरची. या दगडावर एलिया हे नावच नाही, त्यामुळे नुसता दगड वाद मिटवत नाही. पण बंडाच्या आधी सम्राट इथे आला, सैन्याने त्याच्यासाठी एवढा मोठा लेख, बहुधा एखाद्या कमानीवर, उभारला, आणि बंडखोरांच्या नाण्यांबरोबर एलियाची नाणीही सापडलीयत, म्हणजे बंड संपायच्या आधीच वसाहत होती असं दिसतं. हे सगळं एकत्र ठेवलं तर मला तरी डिओचंच पटतं.

एक गोष्ट राहिली. लीजनच्या नावाला शेवटी 'अँटोनिनियाना' हा शब्द जोडलाय. ही पदवी हेड्रियनच्या वेळी नव्हतीच, ती तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची, सम्राट काराकाल्लाच्या काळातली. म्हणजे सुमारे ८० वर्षांनी त्याच लीजनमधला कोणीतरी छिन्नी घेऊन त्या जुन्या लेखापाशी गेला आणि शेवटच्या ओळीत आपल्या पलटणीचं नवं नाव कोरून आला. हेड्रियन तोवर कधीच देव झाला होता.