विमान कंपनीचं भांडण आणि आपलं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार.

7 मे 2024 च्या रात्री एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोनशेहून जास्त केबिन क्रूनं ऐनवेळी कळवलं, आम्ही आजारी आहोत. दुसऱ्या दिवशी विमानं धडाधड रद्द झाली. कोची, कोझिकोड, कण्णूर अशा विमानतळांवर मस्कत, दुबई, अबुधाबीला निघालेली माणसं सामानासकट अडकून पडली. प्रवास अवघा तीन-चार तासांचा. पण आखातात राबणाऱ्या माणसाची रजा संपत आलेली असते, व्हिसावर तारीख असते आणि तिकडच्या मालकाला उशिराचं कारण पटेलच याची खात्री नसते. अशी घरं केरळात आहेत तशी आपल्या रत्नागिरी-रायगडातही आहेत, म्हणून आज हा विषय घेतला.

सरळ संप न करता सगळे एकदम आजारी का पडले? त्या वेळी लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं विमान वाहतूक ही लोकोपयोगी सेवा मानली होती. अशा सेवेत संपाची नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावं लागे आणि समेटाची बोलणी सुरू झाली की संप करता येत नसे. मग रजेची वाट धरली जाते. आजाराचं कारण पुढं करणं मला पटत नाही. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी गंभीर होत्या. टाटा समूहात दोन कंपन्यांचं विलीनीकरण चाललं होतं आणि त्यात आपल्याला समान वागणूक मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीनं पंचवीस जणांना कामावरून काढलं. 9 मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, बडतर्फीची पत्रं मागं घ्यायचं ठरलं आणि क्रू कामावर परतला.

जी गोष्ट आयुक्तांसमोर एका बैठकीत सुटली, ती प्रवासी विमानतळावर पोहोचण्याआधी का सुटू नये? हा प्रश्न मला आजही छळतो.

आता भरपाईचं बघू. आपल्याकडं डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला दहा हजार रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम. पण त्याच नियमात कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांची यादी आहे. नैसर्गिक आपत्ती, यादवी युद्ध, पूर आणि त्यांच्याच पंगतीला संप व कामगारांचे वाद. म्हणजे कंपनीचं स्वतःच्याच माणसांशी बिनसलं, तरी ती पुराचं कारण दाखवावं तसं हे कारण दाखवू शकते. तिकिटाचे पैसे परत मिळतात, भरपाई मात्र नाही.

युरोपात असंच प्रकरण न्यायालयात गेलं. सप्टेंबर 2016 च्या अखेरीस जर्मनीच्या टुईफ्लाय कंपनीनं पुनर्रचना जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये तिथले वैमानिक, क्रू आजारी रजेवर गेले. एरवी दहा टक्क्यांच्या आसपास असलेली रजा वैमानिकांत 89 टक्क्यांपर्यंत चढली. कंपनी म्हणाली, आमच्या हातात काय होतं? लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं एप्रिल 2018 मध्ये ते मान्य केलं नाही. पुनर्रचना हा कंपनीच्या नेहमीच्या कारभाराचा भाग, त्यातून उठलेला असंतोषही तिचाच, असा त्या निकालाचा अर्थ. 2021 मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या वैमानिकांच्या रीतसर संपाबाबतही न्यायालयानं कंपनीविरुद्धच कौल दिला.

मला हेच न्यायाचं वाटतं. घरचं भांडण घरच्यांनी निस्तरायचं, पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही. डीजीसीएनं कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे वाद त्या यादीतून काढावेत. हवाई नियंत्रकांचा किंवा विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचा संप वेगळा, तिथं कंपनीलाही इलाज नसतो.

युरोप फिरायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला तिथला भरपाईचा कायदा लागतो, कंपनी कुठलीही असो, तुमचा पासपोर्ट कुठलाही असो. पॅरिसहून ॲमस्टरडॅमसारख्या दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला 250 युरो, पॅरिसहून थेट मुंबईला 600.

आणि आखातात जाणाऱ्यांसाठी. तिकीट एजंटाकडून काढलंत, तर त्यावर तुमचाच मोबाइल नंबर आहे का, ते आधी बघा. बरेचदा एजंट स्वतःचा नंबर टाकतो, निरोप त्याच्याकडं जातो आणि तुम्ही विमानतळावर. शिवाय तुमचा संपर्क दिलेला नसेल, तर नियमानुसार भरपाईवरही पाणी सोडावं लागतं. वादाच्या बातम्या येत असतील, तर मुंबई ते कोची एका कंपनीचं आणि पुढं मस्कत दुसऱ्या कंपनीचं, अशी तुटक तिकिटं काढू नका. पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही. काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका, तो निर्णय तिचा नसतो. तिच्याकडून रद्द झाल्याचं कारण लेखी मागा. विमान कधी रद्द झालं आणि तुम्हाला कधी कळवलं, ते टिपून ठेवा, जेवणाखाण्याच्या पावत्या जपा. मग तक्रार आधी कंपनीकडं, दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, आणि तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगातच तक्रार दाखल करता येते.