गेममधली पलटण आणि बेळगावची पलटण

२००२ साली अमेरिकेच्या लष्करानं स्वतःचाच व्हिडिओ गेम काढला, अमेरिकाज आर्मी नावाचा, फुकट, आणि हेतू उघड होता, पोरांनी खेळता खेळता भरतीकडं वळावं. २०२२ पर्यंत चालवला त्यांनी तो. बेळगाव भागात असल्या गेमची गरज कधी पडलीच नाही. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, रेजिमेंट १७६८ पासूनची, आणि खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, गावात शिरलं की भिंतीवर वर्दीतला फोटो असलेलं घर सापडतंयच. मामा नाहीतर शेजारचे हवालदार काका, कुणाच्या तरी तोंडून पलटणीच्या गोष्टी ऐकतच पोरं मोठी होतात.

तरीपण आजच्या पोराच्या हातात पहिली बंदूक येते ती मोबाईलमधलीच. बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळणारी पोरं गल्लोगल्ली आहेत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, आडोसा घे, साथीदाराला एकटं सोडू नको, एवढं तरी त्यातनं डोक्यात बसतं. पण गेममध्ये पळताना दम लागत नाही हो. आठ बाय आठ किलोमीटरचा मॅप, बटण लॉक केलं की माणूस पळतोय तो पळतोयच. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर ६० मार्क, मग दहा बीम मारायचे, म्हणजे दांड्याला लोंबकळून अंग वर ओढायचं, नऊ फुटी खड्डा उडी मारून पार करायचा, तिथं पोटऱ्या आणि छाती तयार लागते, आणि ती पहाटे उठून पळल्याशिवाय होत नाही.

पेन्शनवर आलेल्या माणसांशी बोला, लढाईवर कमी बोलतात, रायफल साफ करण्यावर जास्त. फायरिंग झालं की नळीतनं चिंदी ओढायची, परत ओढायची, पांढरी चिंदी पांढरीच बाहेर येईपर्यंत. मग रात्रीचा पहारा, तासन् तास काही घडत नाही आणि डोळा मिटायचा नाही. गेम हे दाखवत नाही, पण नोकरीतले जास्त दिवस असेच जातात. आणि पडलेला साथीदार काही सेकंदांत उठून उभा राहतो हे फक्त मोबाईलवर, ज्या गावानं तिरंग्यात आलेला आपला पोरगा बघितलाय तिथं कुणाला हे समजावावं लागत नाही.

त्यात २०२२ पासून भरती चार वर्षांची, पुढं कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. आधीचे लोक पंधरा-सतरा वर्षं करून पेन्शन घेऊन यायचे. आता घरात गेमवरनं ओरडा होतोच, पण खरा प्रश्न वेगळा असतो, पंचविशीच्या आत पोरगं परत आलं तर पुढं करायचं काय? मला ही काळजी रास्त वाटते.